सगळ्या वस्तू काढून घेतल्या तर अवकाश उरतो का, आणि सगळे बदल थांबले तर काळ?

प्रश्न असा आहे: अवकाश आणि काळ वस्तूंवर आणि बदलांवर अवलंबून आहेत, की जगात काहीच नसतं, काहीच घडत नसतं, तरीही ते असते?

बहुतेक चर्चांमध्ये इथे दोन प्रश्न एकत्र बांधलेले असतात आणि दोन्हींना एकच उत्तर मिळेल असं गृहीत धरलेलं असतं. तसं ते मिळत नाही. वस्तूंविना अवकाशाला आजच्या भौतिकशास्त्रात स्वच्छ जागा आहे. बदलाविना काळ हा मात्र फार कच्चा दावा आहे. तो विसंगत नाही, पण त्याची किंमत मोठी आहे. अवकाशाचा निकाल मुख्यतः फिरत्या वस्तूंवर लागतो, काळाचा घड्याळांवर. म्हणून दोन्ही वेगवेगळे घेतो.

आपल्याकडे हा वाद जुना आहे, आणि त्यातले मुद्दे अजून शिळे झालेले नाहीत. वैशेषिक दर्शनाच्या आचार्यांनी नऊ द्रव्यांत दिक् (दिशा, जागा) आणि काल (काळ) यांना स्वतंत्र स्थान दिलं. दोन्ही एक, नित्य आणि सर्वव्यापी. त्यांचा आधार अनुमान हा होता. ‘हे अलीकडचं’, ‘हे एकाच वेळी’, ‘हे उशिरा’, ‘हे लवकर’ अशा जाणिवा वस्तूच्या रंग, रस, गंध या गुणांतून निघत नाहीत, तेव्हा त्यांना वेगळा आश्रय हवा. युक्तिवाद चांगला आहे, पण तो पुढे अडतो. काळ एकच आणि अखंड असेल तर आज आणि उद्या यांत भेद कुठून आला? उत्तर मिळतं, सूर्याच्या गतीसारख्या उपाधींमुळे, म्हणजे बाहेरून जोडलेल्या गोष्टींमुळे. मग भेद करण्याचं सगळं काम सूर्याची गती करते आणि काल नावाचं द्रव्य नुसतं मागे उभं राहतं. नव्यन्यायातल्या रघुनाथ शिरोमणींनी दिक् आणि काल यांना वेगळी द्रव्यं मानायचं नाकारलं, ते घरातूनच आलेलं बंड होतं. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने नेमकी दुसरी बाजू पकडली: काळ जर वस्तूवर अवलंबून असेल, तर वस्तूविना काळ कुठला? योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात काळ ‘वस्तुशून्य’ आणि ‘बुद्धिनिर्माण’ म्हटला आहे. खरा फक्त क्षण. जैन परंपरेत तर एका सूत्राचे दोन पाठच आहेत. दिगंबर पाठ ‘कालश्च’ म्हणतो, म्हणजे काळही द्रव्य आहे; श्वेतांबर पाठ ‘कालश्चेत्येके’, म्हणजे काहींच्या मते काळही. इतक्या जवळच्या लोकांतही एकमत झालं नाही, यावरून प्रश्नाची जात कळते.

पुढे सोयीसाठी दोन नावं वापरतो. अवकाश ही स्वतःच्या पायावर उभी असलेली गोष्ट आहे, असं म्हणणारा द्रव्यपक्ष. अवकाश म्हणजे वस्तूंमधल्या अंतरांची आणि दिशांची व्यवस्था, त्यापलीकडे काही नाही, असं म्हणणारा संबंधपक्ष.

१६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त न्यूटनने द्रव्यपक्ष घेतला. १७१५–१६ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स आणि न्यूटनचे समर्थक सॅम्युएल क्लार्क यांच्यात पत्रव्यवहार झाला, त्यात लायब्निट्सने संबंधपक्षाचं सर्वांत धारदार हत्यार चालवलं. सगळं विश्व जसंच्या तसं उचलून थोडं पूर्वेला ठेवलं, तर काय बदललं? एकाही वस्तूचं दुसऱ्या वस्तूपासूनचं अंतर बदललं नाही. कोणालाही, कधीही, कशानेही फरक कळणार नाही. मग त्या दोन स्थिती दोन नाहीतच. सगळं विश्व एकसमान वेगाने सरकत आहे असं म्हटलं तरी हेच लागू पडतं.

युक्तिवाद इथवर अभेद्य आहे. चूक होते ती तो त्वरणापर्यंत ताणल्यावर. क्लार्कने तेच दाखवलं: सरकणारं विश्व एकदम थांबलं तर आतल्या सगळ्यांना धक्का बसेल. वेग लपतो, वेगातला बदल लपत नाही. शेवटच्या पत्रात लायब्निट्सनेही खरी गती आणि नुसता सापेक्ष स्थितिबदल यांत फरक असल्याचं मान्य केलं. ज्या वस्तूत बदलाचं कारण आहे, ती खरी हलते, असं तो म्हणाला. त्या मान्यतेचं पुढे काय करायचं हे सांगायला तो उरला नाही.

आता बादली. या प्रयोगातून लोकांच्या लक्षात फक्त ‘पाणी खोलगट होतं’ एवढंच राहतं, आणि त्यामुळे युक्तिवादच हातून निसटतो. तो तीन टप्प्यांच्या तुलनेत आहे.

बादली अर्धी भरा, लांब दोराला टांगा, दोराला भरपूर पीळ द्या आणि पाणी पूर्ण शांत होईपर्यंत धरून ठेवा. सोडल्यावर पहिल्या टप्प्यात बादली फिरते, पाणी स्थिर असतं. दोघांमधली सापेक्ष गती सर्वाधिक, आणि पृष्ठभाग सपाट. मग घर्षणाने पाणी बादलीबरोबर फिरू लागतं. सापेक्ष गती शून्य, आणि पृष्ठभाग खोलगट. तिसऱ्या टप्प्यात बादली हाताने थांबवा. पाणी फिरतच राहतं, सापेक्ष गती पुन्हा मोठी, आणि पृष्ठभाग अजूनही खोलगट. बादली सोडताना तिला हेलकावा बसला तर पाणी हिंदकळतं आणि पहिला टप्पा वाया जातो. दोर आखूड असेल तर दुसरा टप्पा नीट यायच्या आधीच पीळ संपतो. काठाशी आणि मध्यभागी पाण्याच्या उंचीत किती फरक पडेल हे आधी काढता येतं: कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट. १० सेंमी त्रिज्येच्या बादलीत सेकंदाला एक फेरी असेल तर सुमारे २ सेंमी. दोन सेकंदांना एक फेरी असेल तर अर्धा सेंमी. सूत्रात द्रवाची घनता नाही, म्हणून तेल घेतलं तरी उत्तर तेच येतं.

खोलगटपणाचा बादलीशी असलेल्या सापेक्ष गतीशी संबंध नाही, हे यातून पक्कं होतं. पण न्यूटनने पुढची उडी मारली: म्हणजे तो कोणत्याच वस्तूशी असलेल्या सापेक्ष गतीवर अवलंबून नाही, तर निरपेक्ष अवकाशाशी असलेल्या गतीवर आहे. या उडीत दोन दोष आहेत. पहिला, त्याने गरजेपेक्षा जास्त मागितलं. निरपेक्ष अवकाश असेल तर निरपेक्ष वेगही असायला हवा, आणि तो न्यूटनच्याच नियमांनुसार कधीच मोजता येत नाही. बादलीला ‘निरपेक्ष जागा’ लागत नाही. कोणता मार्ग सरळ आणि कोणता वाकडा, एवढं ठरवणारी जडत्वाची रचना पुरते. दुसरा दोष भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख याने १८८३ मध्ये दाखवला. बादलीच्या बाजू काही मैल जाड आणि प्रचंड वस्तुमानाच्या असत्या तर काय झालं असतं, हे कोणी पाहिलं आहे? आपण तारे तसेच ठेवून बादली फिरवली. बादली स्थिर ठेवून तारे फिरवायची सोय नाही.

माखच्या बाजूने एक जबरदस्त पुरावा आहे, आणि द्रव्यपक्षाचे लोक तो सहसा टाळतात. १८५१ मध्ये फूकोने लांब लंबक टांगून पृथ्वीचं परिवलन दाखवलं. लंबकाच्या आंदोलनाचं प्रतल तासाला १५ अंश गुणिले अक्षांशाची ‘ज्या’ (साइन) इतकं सरकतं. ३० अंश अक्षांशावर साडेसात अंश. हे निव्वळ यांत्रिक मोजमाप आहे, आकाशाकडे बघायची गरज नाही. तरीही त्यातून मिळणारी ‘न फिरणारी’ चौकट दूरच्या ताऱ्यांच्या चौकटीशी तंतोतंत जुळते. न्यूटनच्या मांडणीत हा निव्वळ योगायोग ठरतो.

आइनस्टाइन हाच धागा धरून निघाला होता. जडत्व पूर्णपणे वस्तुमानांच्या वाटणीतून यावं अशी त्याची इच्छा होती. १९१५ ला पूर्ण झालेल्या व्यापक सापेक्षतेने, म्हणजे त्याच्या गुरुत्वाच्या सिद्धान्ताने, ती अर्धीच पुरवली. फिरणारं वस्तुमान आसपासची जडत्वाची चौकट थोडी ओढून नेतं, हे १९१८ मध्ये लेन्झ आणि थिरिंग यांच्या गणितातून आलं. ग्रॅव्हिटी प्रोब बी या उपग्रहाने पृथ्वीभोवती हे ओढणं मोजलं. २०११ मध्ये जाहीर झालेला आकडा वर्षाला ३७.२ मिलिआर्कसेकंद, अनिश्चितता ७.२, आणि सिद्धान्ताचं भाकीत ३९.२. हे भाकीत एका अंशाच्या सुमारे ९२ हजाराव्या भागाइतकं आहे. म्हणजे माखची दिशा बरोबर होती. पण पदार्थ सगळंच ठरवतो का? नाही. पदार्थ शून्य ठेवला तरी समीकरणांना उत्तरं आहेत: सपाट अवकाशकाल हे एक, आणि वैश्विक स्थिरांक धरून द सिटरने १९१७ मध्ये दिलेलं दुसरं. त्या रिकाम्या जगातही सरळ मार्ग आणि वाकडा मार्ग यांत फरक असतो. १९४९ मध्ये गोडेलने तर असं उत्तर दिलं की ज्यात विश्वातला सगळा पदार्थ स्थानिक जडत्वाच्या चौकटीच्या तुलनेत फिरत असतो. संबंधपक्षाला हे वाक्य उच्चारताही येत नाही, कारण ‘सगळा पदार्थ कशाच्या तुलनेत?’

आणि १४ सप्टेंबर २०१५ ला टिपलेल्या गुरुत्वीय लहरी. दोन कृष्णविवरं एकत्र आली, सुमारे तीन सूर्यांइतकं वस्तुमान ऊर्जेच्या रूपात बाहेर पडलं, आणि ती ऊर्जा पोकळीतून, पोकळीच्याच कंपनातून आली. त्या टिपणाऱ्या लायगो वेधशाळेच्या ४ किमी लांबीच्या बाहूंत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या काही शेकड्यांतल्या एका भागाइतका होता. जे ऊर्जा वाहून नेतं, वस्तूंना हलवतं आणि वस्तूंमुळे स्वतः बदलतं, ते नुसती ‘नात्यांची यादी’ आहे असं म्हणणं अवघड आहे. पण ते वस्तू ठेवायचं निर्विकार भांडंही नव्हे. सिद्धान्तात त्याला मेट्रिक क्षेत्र म्हणतात: कोणत्याही दोन जवळच्या घटनांमधलं अंतर आणि कालावधी सांगणारं क्षेत्र.

इथे संबंधपक्षाचा नवा अवतार म्हणतो, मग ते क्षेत्र हीच एक वस्तू समजा, आणि अवकाश उरलाच नाही. द्रव्यपक्ष म्हणतो, ते क्षेत्र हाच अवकाश. यातला बराचसा भाग मला हिशेबाच्या वहीत रक्कम कोणत्या खात्याला टाकायची, एवढाच वाटतो. एक मुद्दा मात्र खरोखर निकाल लावतो. आइनस्टाइनला १९१३ मध्ये अडचण आली आणि १९८७ मध्ये विज्ञानाचे तत्त्वज्ञ अर्मन आणि नॉर्टन यांनी ती तात्त्विक रूपात पुन्हा मांडली. अवकाशकालातला एक रिकामा तुकडा घ्या. त्याबाहेर सगळं जसंच्या तसं ठेवून आतलं मेट्रिक क्षेत्र बिंदूंवरून थोडं सरकवा. समीकरणं तेही उत्तर मान्य करतात, आणि निरीक्षणात काहीही फरक पडत नाही. बिंदूंना स्वतःची वेगळी ओळख असेल, तर या दोन वेगळ्या स्थिती झाल्या. बाहेरचं सगळं ठाऊक असूनही आत कोणती स्थिती असेल हे सिद्धान्त सांगू शकत नाही. ही अनिश्चितता निव्वळ आपल्या बिंदूंच्या हट्टापायी ओढवलेली आहे. हट्ट सोडला की दोन्ही स्थिती एकच. लायब्निट्स विश्व सरकवून जे सांगत होता तेच इथे क्षेत्र सरकवून परत आलं. म्हणून माझं उत्तर असं: वस्तूंविना अवकाश असू शकतो, पण तिथे काय घडतं यापासून तोडलेली ‘ही जागा’ असू शकत नाही.

काळाकडे वळण्याआधी तीन नेहमीच्या चुका. एक, ‘सापेक्षतेने काळ सापेक्ष ठरवला, म्हणजे तो वस्तूंवर अवलंबून आहे.’ अजिबात नाही. विशिष्ट सापेक्षतेत एकाच वेळी घडणं हे निरीक्षकाच्या गतीवर अवलंबून असतं, पण मिन्कोव्स्कीने १९०८ मध्ये मांडलेला तिचा अवकाशकाल न्यूटनच्या अवकाशाइतकाच ताठ आहे. त्यात वस्तू असोत वा नसोत, काही फरक पडत नाही. दोन, ‘क्वांटम पोकळी कधी रिकामी नसते, म्हणून प्रश्नच निकालात निघाला.’ क्वांटम पोकळी ही क्षेत्रांची किमान ऊर्जेची अवस्था आहे, आणि नेहमीच्या मांडणीत ती क्षेत्रं आधीच दिलेल्या अवकाशकालावर पसरलेली असतात. प्रश्न त्या अवकाशकालाचा होता. तीन, ‘काळ बदलानेच मोजतो, म्हणून काळ म्हणजे बदल.’ तापमान आपण पाऱ्याच्या प्रसरणाने मोजतो. त्यावरून तापमान म्हणजे प्रसरण ठरत नाही.

तिसऱ्या चुकीत मात्र थोडं तथ्य आहे. न्यूटनने निरपेक्ष काळासाठी दिलेला आधार अगदी व्यावहारिक होता: खगोलशास्त्रज्ञ सूर्याच्या वेळेत दुरुस्ती करतातच. सूर्यघडी नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकसमान चालणाऱ्या घड्याळाच्या सुमारे १६ मिनिटं पुढे असते आणि फेब्रुवारीच्या मध्याला १४ मिनिटं मागे. जर दुरुस्ती करता येते, तर जिच्याकडे दुरुस्त करत जायचं अशी खरी वेळ आहे, असा त्याचा तर्क. पण दुरुस्ती कशाच्या आधारे होते ते पाहा. विसाव्या शतकात पृथ्वीचं परिवलनही अनियमित असल्याचं पक्कं झालं, तेव्हा ते कोणी ‘खऱ्या काळाशी’ ताडून पाहिलं नव्हतं. चंद्र, बुध, सूर्य हे सगळे एकदमच आपापल्या गणिती जागांपासून सरकलेले दिसले, आणि तेही आपापल्या वेगाच्या प्रमाणात. सगळ्यांनी एकाच वेळी खोटं बोलण्यापेक्षा पृथ्वी एकटीच चुकते, हे मानणं सोपं होतं. मग काही वर्षं सेकंदाची व्याख्याच सूर्यमालेतल्या गतींवरून केली गेली, आणि १९६७ पासून ती सीझियम अणूच्या ९,१९२,६३१,७७० आवर्तनांवर आहे. प्रत्येक वेळी निकष एकच: कोणतं घड्याळ धरलं की बाकी सगळ्यांचे नियम सर्वांत साधे होतात. म्हणजे ‘एकसमान वाहणारा काळ’ ही बदलांच्या परस्परांशी जुळणीतून काढलेली गोष्ट आहे.

शिवाय तो सगळीकडे सारखा वाहतही नाही. जीपीएस उपग्रहातलं घड्याळ कमी गुरुत्वामुळे दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं, वेगामुळे ७ मागे पडतं. उरलेले ३८ सुधारले नाहीत तर एका दिवसात प्रकाशाच्या हिशेबाने ११ किमीहून जास्त चूक साचते. २०२२ मध्ये तर एका मिलिमीटरच्या उंचीच्या फरकाने काळाच्या गतीत पडणारा फरक प्रयोगशाळेत दिसला.

तरीही, सगळं थांबलं आणि काळ चालू राहिला, ही कल्पना विसंगत आहे का? तत्त्वज्ञ सिडनी शूमेकरने १९६९ मध्ये ती विसंगत नाही असं दाखवलं. एका काल्पनिक जगाचे तीन भाग धरा. पहिला दर तिसऱ्या वर्षी एक वर्ष पूर्ण गोठतो, दुसरा दर चौथ्या, तिसरा दर पाचव्या. एक भाग गोठलेला असताना बाकीचे त्याला बघतात, वर्ष मोजतात, नोंद ठेवतात. नियम पक्का होतो. मग ३, ४ आणि ५ चा लसावि ६०: दर साठाव्या वर्षी तिन्ही भाग गोठायला हवेत, म्हणजे एक वर्ष कुठेच काही बदलत नाही. ते वर्ष कोणी पाहू शकत नाही, पण ते नाकारायचं तर ‘साठावं वर्ष सोडून’ असा अपवाद नियमात घालावा लागतो, आणि तो जास्त कृत्रिम आहे.

उदाहरण सुरेख आहे, पण त्याची खरी अडचण पुराव्याची नसून कारणाची आहे. गोठलेल्या वर्षाच्या पहिल्या क्षणी आणि शेवटच्या क्षणी जगाची स्थिती हुबेहूब एकच असते. मग शेवटच्या क्षणी जग सुटतं आणि पहिल्या क्षणी सुटत नाही, ते का? ‘एक वर्ष उलटलं म्हणून’ याखेरीज उत्तर नाही, म्हणजे नुसता उलटलेला काळच कारण म्हणून काम करतो. आपल्याला ठाऊक असलेले मूलभूत नियम असे नाहीत. ते आत्ताच्या स्थितीवरून पुढची स्थिती सांगतात. तसा नियम असेल तर पूर्ण गोठलेलं जग कायमचं गोठलेलं राहतं, आणि मग ‘किती वेळ’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही. काळ बदलाविना असू शकतो या दाव्याची किंमत म्हणतो ती ही.

क्वांटम सिद्धान्तात हीच गोष्ट आणखी टोकदार होते. वस्तुमान असलेला प्रत्येक कण एक वारंवारता घेऊन येतो. इलेक्ट्रॉनची सेकंदाला सुमारे १.२४ गुणिले १०²⁰ आवर्तनं. वस्तुमान नसलेल्या प्रकाशाच्या मार्गावर मात्र उलटणारा काळ शून्य असतो, त्यामुळे फक्त प्रकाशच असलेल्या जगात सेकंदाचं माप बांधायलाच काही नसतं. निश्चित ऊर्जा असलेल्या बंद व्यवस्थेत फक्त एकूण कला (फेज, म्हणजे लहरीचा टप्पा) बदलते, आणि ती आतून दिसत नाही. गुरुत्वाला क्वांटम रूप देण्याच्या प्रयत्नात १९६७ मध्ये आलेल्या व्हीलर–डीविट समीकरणात अख्ख्या विश्वाची अवस्था अशीच आहे: त्यात काळ हे अक्षरच येत नाही. १९८३ मध्ये पेज आणि वुटर्स यांनी त्यातून वाट काढली. विश्वाचे दोन भाग करा, एकाला घड्याळ म्हणा, आणि घड्याळ अमुक दाखवत असताना दुसरा भाग कसा आहे एवढंच विचारा. एकूण अवस्था स्थिर असली तरी दोन भाग एकमेकांत क्वांटम अर्थाने गुंतलेले (एंटँगल्ड) असतील, तर आतून नेहमीची कालगती दिसते. २०१३ मध्ये दोन गुंतलेल्या फोटॉनांवर याचं छोटं प्रात्यक्षिक झालं: एकाचं ध्रुवण (पोलरायझेशन, प्रकाशाच्या कंपनाची दिशा) हेच घड्याळ, ते वाचणाऱ्याला दुसरा बदलताना दिसतो, दोघांना एकत्र मोजणाऱ्याला काहीच बदलताना दिसत नाही.

या मांडणीवरचा नेहमीचा आक्षेप असा की लागोपाठ दोन मोजमापं केली तर साधा हिशेब चुकीची संभाव्यता देतो; मोजमापाचं यंत्रही व्यवस्थेचा भाग धरून तो दुरुस्त करता येतो, असे मार्ग पुढे सुचवले गेले. दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. विश्वाचा कोणता भाग घड्याळ म्हणून कापायचा, हे समीकरण सांगत नाही, आणि वेगळा भाग कापला तर त्यातून निघणारी कालगती वेगळी असू शकते.